सिल्व्हर स्नूपी: पैसे देऊन न मिळणाऱ्या पिनचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, ही वस्तू दुकानात मिळत नाही, त्यामुळे 'भाऊ लिंक टाका' असं कुणी म्हणू नका. आमच्या ह्यूस्टनच्या मराठी ग्रुपवर इतक्या जणांनी 'ते स्नूपीचं नक्की काय असतं रे' म्हणून विचारलं की शेवटी म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. पिन माझी नाही, बायकोची आहे. ती इथल्या जॉन्सन स्पेस सेंटरचं काम करणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत आहे, म्हणजे नासाची पर्मनंट नाही. मी साधा आयटीवाला, माझा अवकाशाशी संबंध एवढाच की तिची गाडी सर्व्हिसिंगला असली की तिला गेटपर्यंत सोडायला जातो. पण वस्तू आमच्या घरात आहे, येताजाता दिसते, आणि रिव्ह्यू लिहायची खाज मला आहे, तिला नाही.

तर सिल्व्हर स्नूपी म्हणजे नासाच्या अंतराळवीरांनी स्वतःच्या हाताने कर्मचाऱ्यांना द्यायचा पुरस्कार. 1968 पासून चालू आहे. स्नूपी म्हणजे तोच, चार्ल्स शुल्झ यांच्या पीनट्स कॉमिकमधला पांढरा कुत्रा, घराच्या छपरावर उताणा झोपणारा. मिळतो कुणाला, तर ज्याच्या कामामुळे उड्डाण जास्त सुरक्षित झालं किंवा मोहीम नीट पार पडली त्याला. इंजिनियर, टेक्निशियन, शिवणकाम करणारे, कागदपत्रं तपासणारे, सरकारी असो की कंत्राटी, सगळे चालतात. एका वर्षात एकूण मनुष्यबळाच्या एक टक्क्याहून कमी लोकांना मिळतो आणि एका माणसाला आयुष्यात एकदाच. सोबत पगारवाढ नाही, बोनस नाही, प्रमोशन नाही. हे वाचून आपल्याकडचे निम्मे लोक इथेच रिव्ह्यू सोडून जातील, जाऊ देत.

बॉक्समध्ये काय येतं? एक स्टर्लिंग चांदीची छोटी पिन, एक कौतुकाचं पत्र आणि स्नूपीचं चित्र असलेलं सही केलेलं सर्टिफिकेट, फ्रेममध्ये. पत्रात पिन कुठल्या मोहिमेवर जाऊन आली ते लिहिलेलं असतं, कारण यातली प्रत्येक पिन खरोखर अवकाशात जाऊन आलेली असते. हा मुद्दा लोक पटकन ऐकून सोडून देतात म्हणून परत सांगतो, प्रतिकृती नाही, त्या डिझाइनची नाही, हीच, आमच्या हॉलमध्ये आहे तीच पिन वर जाऊन आली.

आता पिनबद्दल. फोटोत मोठी वाटते, हातात घेतली की 'एवढीशीच?' असं होतं. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठी. स्नूपीने स्पेससूट घातलाय, डोक्यावर गोल हेल्मेट, गळ्यात मफलर, पाठीवर हवेचं पेटारं आणि एक पाय उचलून निघाल्यासारखा ऐटीत उभा. बाजूने बघितलं तर नाकाचा उंचवटा बोटाला लागतो. मफलरच्या घडीत थोडा काळपटपणा आहे, तो चांदीचा आहे की मुद्दाम ठेवलाय माहीत नाही पण त्याच्यामुळेच चेहरा उठून दिसतो, नाहीतर एवढ्या छोट्या चकचकीत चांदीत काही कळलंच नसतं. मागे सुई आणि दाबून बसवायची टोपी, ब्लेझरला लावतो तसली. ही टोपी मला आवडली नाही. जरा ढिली वाटते. अवकाशात जाऊन सुखरूप परत आलेली वस्तू पार्किंग लॉटमध्ये पडून हरवायची, म्हणून बायको ती लावून फिरत नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर पहिला प्रश्न, 'चांदीच आहे ना? किती ग्रॅम?' म्हटलं आई स्टर्लिंग आहे, 92.5 टक्के. ती म्हणाली म्हणजे आपल्या सराफाकडच्यासारखीच की. बाबांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, 'सूनबाई, एवढं काम केलंस आणि कुत्रा दिला?' यावर बायको इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला. पण प्रश्न रास्त आहे. कुत्राच का?

त्यासाठी मागे जावं लागतं. 27 जानेवारी 1967 ला फ्लोरिडात केप कॅनव्हेरलला अपोलो 1 ची, म्हणजे माणसाला चंद्रावर न्यायच्या अपोलो कार्यक्रमातल्या यानाची, जमिनीवरची चाचणी चालू होती. उड्डाणही नव्हतं, रॉकेटमध्ये इंधनही नव्हतं. आत गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर. केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने भरलेला, आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. कुठेतरी ठिणगी पडली, आग लागली, आतला दाब वाढल्यावर ते दार उघडणं शक्यच नव्हतं. तिघेही गेले. नंतर चौकशीत जे बाहेर आलं त्यात एक मोठा खलनायक नव्हता, वायरिंगमधली हयगय, नको तिथे वापरलेलं ज्वालाग्राही सामान, चाचणी धोकादायक आहे हेच कुणाच्या डोक्यात न येणं, अशा बारीक बारीक गोष्टींची साखळी होती. अपोलोवर तेव्हा ऐन भरात चार लाखांच्या आसपास लोक काम करत होते, देशभर पसरलेल्या कारखान्यांत. त्यातल्या बहुतेकांनी अंतराळवीर कधी डोळ्यांनी बघितलाही नव्हता. आपण वळवतोय तो स्क्रू कुणाच्या तरी जिवाचा आहे हे त्यांना कसं जाणवणार?

नासाची त्यासाठी एक जागृती मोहीम 1963 पासून होतीच, मॅन्ड फ्लाइट अवेअरनेस नावाची. पण तिला चेहरा नव्हता. अमेरिकेत जंगलातल्या वणव्यांसाठी स्मोकी नावाचं अस्वल आहे, पोस्टरवर उभं राहून आग लागू देऊ नका म्हणणारं, तसं काहीतरी सुरक्षेसाठी हवं होतं. ह्यूस्टनच्या सेंटरचे जनसंपर्क अधिकारी अल चॉप यांच्या डोक्यात स्नूपी आला. शुल्झनी होकार दिला, चित्रं फुकट काढून दिली, आणि अंतराळवीराच्या वेशातला कुत्रा कारखान्यांच्या भिंतीवर जाऊन बसला. मला यातली अक्कल फार आवडते. आधीच धास्तावलेल्या माणसाला घाबरवणारं पोस्टर लावून उपयोग नसतो. कवटी आणि हाडं रोज बघून नजर मरते, पण स्नूपी म्हणजे घराच्या छपरावर बसून आपण विमान उडवतोय असं समजून लढाया मारणारा प्राणी, त्याच्याकडे बघून माणूस एकदा तरी हसतो आणि हसला की वाचतो.

आणि शुल्झनी तेवढ्यावर सोडलं नाही, कॉमिकमध्येही स्नूपीला चंद्रावर पाठवून दिलं, 1969 च्या मार्चमध्ये, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या आधी. मग मे महिन्यात अपोलो 10 गेलं तेव्हा क्रूने मुख्य यानाचं नाव ठेवलं चार्ली ब्राउन, म्हणजे कॉमिकमधला स्नूपीचा मालक, आणि चंद्राजवळ खाली जाणाऱ्या यानाचं नाव स्नूपी. लाँचपॅडकडे जाताना कमांडर टॉम स्टॅफर्डने वाटेत धरलेल्या मोठ्या स्नूपी बाहुल्याच्या नाकावर हात ठेवला, तो फोटो प्रसिद्ध आहे, आपल्याकडे देवळाबाहेरच्या नंदीला हात लावून आत जातात अगदी तसा. ते स्नूपी यान चंद्राच्या पृष्ठभागापासून साधारण पंधरा किलोमीटर उंचीवर गेलं आणि न उतरता परत आलं, ती रंगीत तालीम होती. काम झाल्यावर त्याचा वरचा भाग सूर्याभोवतीच्या कक्षेत सोडून दिला आणि तो अजून फिरतोय. चार्ली ब्राउन मात्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, तिकडे राहणाऱ्यांनी जाऊन बघा, परतताना वातावरणात होरपळलेली बाजू नीट बघा.

आता 'डिलिव्हरी एक्सपीरियन्स'. हा भाग सगळ्यात भारी आहे आणि याचे पूर्ण मार्क. ज्याला मिळणार असतो त्याला सांगत नाहीत. घरच्यांना गुपचूप कळवतात. मला तिच्या मॅनेजरचा मेल आला तेव्हा पहिल्यांदा फिशिंगच वाटलं, 'अमुक दिवशी बॅज बनवायला आयडी घेऊन या, पत्नीला सांगू नका' असला मजकूर वाचून दुसरं काय वाटणार. गेलो. तिला कुठल्यातरी रिव्ह्यू मीटिंगचं निमित्त सांगितलेलं. ती लॅपटॉप काखेत, हातात चहाचा फ्लास्क, कपाळाला आठ्या घालून आत आली, आणि आत सगळी टीम, मी, आणि निळ्या फ्लाइट सूटमधला एक अंतराळवीर. ती दारातच थांबून मला म्हणाली, 'तू इथं काय करतोयस?' मराठीत, सगळ्यांसमोर. मग त्या माणसाने पत्र वाचून दाखवलं, पिन हातात दिली, आणि पत्राबाहेरचं जे बोलला ते खरं बक्षीस होतं. तो म्हणाला की वर असताना मी जे पान उघडून काम केलं ते तू तपासलेलं होतं. बस, एवढंच. भाषण नाही.

तिचं काम काय ते दोन ओळीत सांगतो. स्पेस स्टेशनवर कुठलंही काम अंदाजाने होत नाही, प्रत्येकाची लिहिलेली प्रोसीजर असते, हा व्हॉल्व्ह बंद करा, मग हे वाचन बघा, मग तो पाइप सोडवा. ती या प्रोसीजर तपासते, मुख्यतः पाण्याच्या सिस्टीमच्या. तिथे लघवी, घाम, श्वासातली वाफ सगळं गोळा करून परत प्यायचं पाणी होतं, 2023 मध्ये नासाने सांगितलं की हे प्रमाण 98 टक्क्यांपर्यंत गेलं. आपल्या सोसायटीच्या टँकरवाल्याला हे सांगून बघा. तर एका प्रोसीजरमध्ये दोन स्टेप्सचा क्रम असा होता की कागदावर बरोबर दिसत होता पण प्रत्यक्षात एका पाइपमध्ये दाब अडकून राहिला असता. तिने तो पकडला, चार मीटिंगा वाद घातला, ट्रेनिंगच्या मॉकअपवर, म्हणजे जमिनीवरच्या हुबेहूब नमुन्यावर, करून दाखवायला लावला. काही घडलं नाही. बातमी नाही. आणि या पुरस्काराची सगळी गंमत यातच आहे की तो न घडलेल्या गोष्टीसाठी मिळू शकतो. आमच्या आयटीत सर्व्हर पडल्यावर रात्रभर जागून उठवणाऱ्याला टाळ्या मिळतात, ज्याच्यामुळे तो पडलाच नाही त्याला 'तुझ्याकडे सध्या काम कमी दिसतंय' असं ऐकावं लागतं.

नासाची इतर पदकं पण असतात, ती खरी पदकं, रिबनवाली, पेटीत येणारी. सगळ्यात वरचं डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, 1959 पासूनचं, खाली एक्सेप्शनल सर्व्हिस वगैरे. ती सरकारी कर्मचाऱ्यांना. कॉन्ट्रॅक्टर आणि बाहेरच्यांसाठी त्याच नावांत 'पब्लिक' शब्द घातलेली वेगळी पदकं आहेत. सरकारी पद्धतीने ते बरोबरच असेल, पण कंत्राटी माणसाला बॅजच्या रंगापासून सगळीकडे आपण वेगळे आहोत हे कळत असतंच, तिथे पदकातही वेगळी रांग. स्नूपीला ही रांग नाही. आणि दुसरा फरक असा की पदकाची शिफारस वर वर जाते, समिती बसते, मोठ्या हुद्द्याचा माणूस देतो. इथे देणारा तो असतो ज्याचा जीव तुमच्या कामावर टांगलेला असतो. या दोन गोष्टींमुळे इथल्या जुन्या लोकांना विचारा, ते मोठ्या पदकापेक्षा स्नूपीचं नाव जास्त प्रेमाने घेतात. माझ्या बायकोच्या ऑफिसात एक रिटायरमेंटला आलेले काका आहेत, त्यांची बाकी सगळी सर्टिफिकेटं ड्रॉवरमध्ये आणि एकटा स्नूपी बाहेर टेबलावर.

आता जे आवडलं नाही ते.

एक, फ्रेम. पातळ काळी पट्टी, पुढे काच नाही, प्लास्टिक. एवढ्या गोष्टीला ही फ्रेम? म्हणून आम्ही चांगल्या फ्रेमवाल्याकडे दिली, नाव घेत नाही, त्या बाबाने पिन मध्यभागी बसवायची म्हणून मूळ सर्टिफिकेटलाच भोक पाडायची तयारी केली होती. वेळेत पोचलो म्हणून वाचलं. तुम्हाला कधी मिळाला तर फ्रेम बदलायच्या फंदात पडू नका, किंवा पडलात तर पिन वेगळी ठेवा.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. पुरस्कार एका माणसाला जातो, काम एका माणसाचं नसतं. तो क्रम चुकीचा आहे ही शंका पहिल्यांदा तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने काढली होती, वाद हिने घातला. ही हे सगळ्यांना सांगते, त्या दिवशी पण सांगितलं, पण पत्रावर नाव एकच. टीमसाठीची बक्षिसं वेगळी असतात हे खरं, पण त्यांना स्नूपीची सर नाही हे सगळ्यांनाच माहिती आहे. शिवाय अंतराळवीराला जो माणूस दिसतो, ज्याच्याशी ट्रेनिंगमध्ये बोलणं होतं, त्याचं नाव लवकर लक्षात राहणार. सर्व्हर रूममध्ये बसून बॅकअप बघणाऱ्याचं काय? एक टक्क्याहून कमी म्हटलं की कुणीतरी हकदार बाहेर राहणारच, त्याला उपाय नाही, पण पुरस्कार मिळालेल्याच्या घरी बसून हे लिहिताना सुद्धा टोचतं.

तीन, पत्राची भाषा. सरकारी. 'उत्कृष्टतेप्रती बांधिलकी' छाप वाक्यं. तिने काय केलं ते अर्ध्या ओळीत उरकलंय. जे तोंडी बोलला तेच लिहिलं असतं तर.

आता स्वस्त-महाग पर्याय, कारण विचारणारे विचारणारच. स्पेस सेंटर ह्यूस्टनच्या गिफ्ट शॉपमध्ये अंतराळवीर स्नूपीच्या पिना, टीशर्ट, बाहुल्या सगळं मिळतं. मुलांसाठी छान, घ्या. खऱ्याशी संबंध शून्य. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये आर्टेमिस 1 गेलं तेव्हा आत नारिंगी सूटमधला एक कापडी स्नूपी होता, वजनरहित अवस्था आली की तरंगायला लागणारा, त्यामुळे त्या नारिंगी बाहुल्याला मागणी आहे.

दुसरं टोक म्हणजे ओमेगाचं घड्याळ. तिथे तरी गोष्ट खरी आहे. एप्रिल 1970 मध्ये अपोलो 13 च्या ऑक्सिजन टाकीचा स्फोट झाला, वीज वाचवायला सगळं बंद केलेलं, परतीचा मार्ग दुरुस्त करायला इंजिन हाताने 14 सेकंद चालवायचं होतं. ती 14 सेकंदं यानातल्या जॅक स्विगर्ट या अंतराळवीराने मनगटावरच्या ओमेगा स्पीडमास्टरवर मोजली. त्याबद्दल 5 ऑक्टोबर 1970 ला अंतराळवीरांनी ओमेगाला सिल्व्हर स्नूपी दिला. मग कंपनीने त्याच्यावर घड्याळं काढली. 2003 मध्ये 5441 नगांची, आकडा कुठून तर मोहीम 142 तास 54 मिनिटं 41 सेकंद चालली त्यातून. 2015 मध्ये 1970 नगांची, पांढऱ्या डायलची. 2020 ला पन्नास वर्षांची, तिच्या डायलवर छोटा चांदीचा स्नूपी आणि मागच्या काचेत क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, चालू केला की स्नूपीचं यान चंद्रामागून फेरी मारतं. मित्राकडे बघितलंय, बटण दाबून ती फेरी बघत बसलो होतो, कारागिरी अप्रतिम आहे यात वाद नाही. किंमत तेव्हा साधारण दहा हजार डॉलरच्या घरात आणि वर वेटिंग. पण ते बक्षीस मिळाल्याची आठवण म्हणून बनवलेलं घड्याळ आहे, बक्षीस नाही. मित्राला हे बोललो तर तो म्हणाला तुझ्या पिनेत वेळ दिसते का? आता काय बोलणार.

आपल्याकडे इस्रोचेही पुरस्कार आहेत, मेरिट, यंग सायंटिस्ट, टीम एक्सलन्स वगैरे, टीमसाठी वेगळा ठेवलाय हे मला आवडतं. पण इस्रोच्या स्वतःच्या यानातून आजवर माणूस वर गेलेलाच नाही, त्यामुळे वर जाणारा आणि त्याच्यासाठी खाली काम करणारा असे तिथे समोरासमोर आलेच नाहीत. गगनयान झालं की येतील. तेव्हा परत आलेल्याने थुंबा किंवा श्रीहरिकोट्याच्या एखाद्या टेक्निशियनच्या टेबलाशी स्वतः जाऊन काहीतरी हातात द्यावं, कुत्रा नको, आपला कुणीतरी शोधा, चिंटू चालेल मला तर.

मार्क द्यायचे तर पिन चार, फ्रेम एक, पत्र दोन, देण्याची पद्धत पाच पैकी पाच.

राहिला ऑक्शनचा प्रश्न. हो, खऱ्या सिल्व्हर स्नूपी पिना लिलावात अधूनमधून येतात, बहुतेक वेळा मिळालेला माणूस गेल्यावर घरचे विकतात. घ्यायचीच असेल तर मूळ पत्र आणि सर्टिफिकेट सोबत असल्याशिवाय हात लावू नका, नुसत्या पिनेवरून ती वर जाऊन आलेली की गिफ्ट शॉपमधली हे तुमच्या-आमच्या डोळ्यांना कळणार नाही. आणि पत्र असेल तर त्याच्यावर दुसऱ्याचं नाव असणार. ते हॉलमध्ये लावून पाहुण्यांना काय सांगायचं ते ज्याचं त्याने बघावं.